वाट क्रमांक एक : सोपी

मी लातूरची. पाणी चढतंय असं कुणी ओरडलं की आमचे पाय आधी मोटरीकडे धावतात, डोकं मागून पोचतं. जयपूरला बनी पार्कात वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पावणेनऊला खालून आरोळी आली, "अगो, पाणी चढता! पाय उचल, पाय उचल!" मी ब्रश तोंडात ठेवून गच्चीवर धावले. टाकी अर्धी रिकामी, मोटर बंद. खाली वाकून पाहिलं तर कॅनव्हासचे बूट घातलेला एक काटकुळा म्हातारा हातात काठी घेऊन चाललेला आणि त्याच्या पुढे वॉकर धरून एक बाई, उजवा पाय ओढत, इंच इंच सरकणारी. गल्लीत थेंबभर पाणी नव्हतं.

"काका, कुठे चढतंय पाणी?" मी वरून विचारलं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "हयसर नाय गो. आमच्या बेटार."

पहिल्याच आठवड्यात खुळ्यांच्या शेजारी येऊन पडलो, असं मी आईला फोनवर सांगितलं. पुढची तीन वर्षं मी त्यांच्या त्या बेटाच्या पाण्यावरच माझं घड्याळ लावलं, हे आईला कधी सांगितलं नाही.

अनंत तांडेल हे त्यांचं नाव. मालवणकडच्या किनाऱ्यावरचे. आडनाव होडी हाकणाऱ्याचं, पण भरती झाले रेल्वेत, आणि त्या काळी जिथे जागा तिथे माणूस या न्यायाने येऊन पडले थेट जयपूरला. नोकरी चाबीवाल्याची. म्हणजे रोज पहाटे हातोडी खांद्यावर टाकायची आणि दुर्गापुऱ्याकडचा ठरलेला तुकडा चालत जायचा, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी एकेक चाबी बघायची, सैल असेल ती ठोकायची. जाताना एक रूळ, येताना दुसरा. "दोन रूळ एकदम बघूचे नाय," ते सांगत, "दोन बघणाऱ्याक एकय दिसणा नाय." निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी हातातली हातोडी गेली नव्हती, फक्त तिची काठी झाली होती. फाटक, माझी स्कूटी, गॅसचा सिलिंडर, दिसेल ते ठोकून ऐकायचे. एकदा माझ्या नव्या कपाटाला टक् केलं आणि म्हणाले, "मागचो स्क्रू सैल आसा." मी हसले. महिन्याभरात कपाटाचं दार माझ्या पायावर पडलं.

ती वॉकरवाली बाई म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकू. त्यांच्या वॉकरचे नट मात्र ते रोज सकाळी न चुकता ठोकत. काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष झालं होतं. उजवा हात बरा झाला, जीभ सुटली, पाय मात्र मागेच राहिला.

आता त्या पाण्याचं सांगते. काकूंचं माहेर एका बेटावर. किनाऱ्यापासून फार लांब नाही. मध्ये वाळूचा दांडा आहे, तो भरतीला पाण्याखाली जातो आणि ओहोटीला उघडा पडतो. ओहोटीला ते 'सुकती' म्हणत. सुकतीला माणूस पायी बेटावर जाऊन येतो, पण दोन तास चाळीस मिनिटांत किनाऱ्यावर परत पोचायचं, नाहीतर दांडा बुडाला. बेटावर शाळा नाही, प्यायचं पाणी पुरेना, म्हणून तिथली घरं एकेक करून किनाऱ्यावर आली. मग त्या रिकाम्या बेटाचं सरकारी उद्यान झालं. पाट्या लागल्या, चालण्याच्या तीन वाटा आखल्या. काकूंच्या भाच्याने पहिल्या पाटीचा फोटो पाठवला होता. वाट क्रमांक एक, सोपी, जाऊन-येऊन दोन किलोमीटर. ही वाट दांड्यावरून जाते, उंडीच्या झाडांखालून वळते आणि एका जुन्या विहिरीपाशी संपते. ती विहीर काकूंच्या आईची. शेजारचं घराचं जोतं अजून आहे. रात्री थांबायला परवानगी नाही, बघायचं आणि परत यायचं.

काकूंना ते बघायचं होतं. दुसरं काहीच नको होतं त्यांना.

दुर्गापुऱ्याला राहणारा त्यांचा मुलगा संजय मला वाटतं त्यांच्या घरातला एकमेव शहाणा माणूस होता. त्याने सरळ सुचवलं, "आई, होडी करू ना. मतलब, दोन माणसं तुला उचलून होडीत ठेवतील, उतरवतील. पंधरा मिनिटांचं काम आहे." चहा चालला होता; मी राहायला येण्याच्या थोडं आधीची ही गोष्ट, काकांनी मला नंतर सांगितलेली. काकूंनी कप खाली ठेवला.

"माका माझ्या पायांनी जाऊक होया," त्या म्हणाल्या. "उचलून माणसाक एकदाच नेतत. तेव्हा न्या."

काकांनी कॅलेंडर काढलं.

तिथून तो खुळेपणा सुरू झाला. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला चार पाऊण तीन, तीन वाजता भरती, म्हणजे नऊला सुकती. काका रोज हे गणित करून सुकतीच्या वेळेलाच काकूंना बाहेर काढत. आज सातला, उद्या पावणेआठला, परवा साडेआठला. दोन सुकत्यांपैकी उजेडातली घ्यायची. मे महिन्यात एकादशीला दुपारी सव्वादोनची सुकती आली तेव्हा जयपूरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हे दोघं काकूंच्या डोक्यावर ओला पंचा टाकून रस्त्यावर. मी खिडकीतून भांडले. "काका, समुद्र इथून हजार किलोमीटरवर आहे, त्याला काय कळतंय तुम्ही किती वाजता निघालात ते!"

"समुद्राक नाय कळणा," ते म्हणाले, "पण हिच्या पायाक कळाक होया. गाडी येवच्या वेळेकच रूळ बघूचो लागता."

सुट्टी फक्त अष्टमी-नवमीला. त्या दिवसांत भांगेचं पाणी असतं, धड चढत नाही आणि धड उतरत नाही, त्यामुळे दांडा पुरता उघडत नाही. "आज वाट बंद," काका सांगत आणि आरामखुर्ची बाहेर काढत. त्या दोन दिवसांत काकू मला उकडीचे मोदक वळायला शिकवायच्या. माझे फाटले की म्हणायच्या, "लातूरकरणीन पाण्याची सवय नसली तर पिठाची तरी लावून घेवची."

गल्लीलाही हळूहळू सवय झाली. काकांनी वाट क्रमांक एक अख्खीच्या अख्खी बनी पार्कात मांडली होती. अंतर त्यांनी पायांनी मोजलं होतं, स्लीपर ते स्लीपर अशा चाबीवाल्याच्या पावलांनी, आणि मी फोनवर तपासलं तेव्हा दोन किलोमीटरला चार हात कमी भरले. इस्त्रीवाल्याची गाडी म्हणजे किनारा. तिथून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत दांडा. पुढच्या गेस्टहाऊसची भिंत म्हणजे उंडीची झाडं. आणि पलीकडच्या चौकातला हातपंप ही विहीर. हातपंपाला हात लावायचा आणि परतायचं. इस्त्रीवाला भैया गिऱ्हाइकांना फोनवर सांगायचा, "किनारे पे खड़ा हूँ, आ जाओ." दूधवाला रोज विचारायचा, "अंकलजी, आज समंदर कितने बजे?" थट्टा होती, पण काकूंचा वॉकर दिसला की तोच आपली मोटरसायकल बाजूला घ्यायचा.

रविवारी घड्याळ माझ्याकडे असायचं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा चार तास वीस मिनिटं. पिंपळाशी काकू रडल्या, हातपंपाशी ओरडल्या, परत येताना चक्क शिव्या दिल्या. काका मागून एकच म्हणत राहिले, "पाय उचल गो." दिवाळीपर्यंत साडेतीन तास. संक्रांतीला तीन दहा. मग कितीतरी महिने ते तीनच्या खाली जाईचना. काकूंनी एकदा वॉकर ढकलून दिला आणि फाटकाशी बसून राहिल्या. काका शेजारी बसले, त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि बोटाने ठोकून बघितला. "सैल नाय," ते गंभीरपणे म्हणाले. काकू इतक्या हसल्या की उठून घरी चालत गेल्या.

आणि एका रविवारी घड्याळ थांबवलं तेव्हा दोन तास अडतीस मिनिटं झाली होती. मी किंचाळले. इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली. काकांनी सगळ्या गल्लीला मावा कचोरी वाटली आणि त्याच दिवशी कार्तिक वद्य चतुर्थीची तिकिटं काढली. माझंही काढलं, कारण घड्याळ माझ्याकडे होतं.

तो दिवस सांगायचा नाही असं मी दोन वर्षं ठरवून आहे. पण तो सोडला तर काका कळायचे नाहीत.

सकाळी सात चाळीसला आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. दांडा उघडा, लखलखीत. पलीकडे बेट, हिरवंगार, इतकं जवळ की झाडं मोजावीत. कडेला ती पाटी. वाट क्रमांक एक, सोपी. उद्यानाचा रखवालदार खुर्चीत बसला होता, त्याने पाण्याची वेळ सांगितली. काकांनी त्याला मान डोलावली, ती वेळ त्यांना आधीच ठाऊक होती. मी घड्याळ लावलं. काकूंनी चपला काढल्या. माहेरच्या वाळूत चपला कशाला, म्हणाल्या.

पहिल्या पावलाला वॉकरचे पाय वाळूत गेले. काकांनी ते उपसले. दुसऱ्या पावलाला पुन्हा गेले. काकूंनी डावा पाय टाकला, तो टेकला. उजवा ओढला, आणि वाळूत एक चर उमटला. डांबरावर जो पाय घसटत का होईना पुढे यायचा, तो वाळूत नांगरासारखा रुतून बसला. काकूंनी जोर लावला, तो आणखी रुतला.

मी काकांकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो. दोन वर्षं, एकूण एक सुकती, एकूण एक पाऊल, नट, बोल्ट, तिथी, सगळं तपासलेला माणूस. आणि वाळू विसरला होता. पोरवयात तो या दांड्यावरून धावत जायचा, त्याच्या पायांना ती कधी मऊ लागलीच नव्हती. नंतरचं सगळं आयुष्य खडी आणि स्लीपर.

"वाळवंटाच्या मुलखात चाळीस वर्षां ऱ्हवलंय," ते पुटपुटले, "आणि वाळू इसारलंय."

मग ते गुडघ्यांवर बसले. काकूंचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलायचा, पुढे ठेवायचा. काकूंनी डावा टाकायचा. पुन्हा उचलायचा. वॉकर मी धरला होता. असं आम्ही किती चाललो? साठ-सत्तर पावलं असतील. तेवढ्यात तास उलटला, मग दुसरा. काकूंचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. "ती बघ, मोठी उंडी," त्या म्हणत होत्या, "तिच्या मागे पायरी आसा. पायरेर माझी आये बसायची." घामाने त्यांचं लुगडं चिकटलं होतं, आणि त्या खूश होत्या. मी त्यांना तितकं खूश आधी कधीच पाहिलं नव्हतं.

रखवालदाराने शिट्टी वाजवली.

दांड्याच्या कडेला पाणी आलं होतं, घोट्याएवढंसुद्धा नाही. अजून थोडा वेळ होता. काकू म्हणाल्या, "थांबा, आणखी दोन पावलां." पण रेल्वेत शिट्टी वाजली की माणसांनी रुळावरून बाजूला व्हायचं असतं, विचार न करता. काकांनी आयुष्यभर तेच केलं होतं. शिट्टी वाजली आणि त्यांनी काकूंना खांद्याला धरून फिरवलं. बेटाकडे पाठ झाली.

परतताना पाणी आमच्यापेक्षा वेगाने आलं. शेवटची पंचवीस-तीस पावलं रखवालदाराने आणि एका होडीवाल्याने काकूंना उचलून आणलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि जयपूर येईपर्यंत बाहेरच बघत राहिल्या.

घरी आल्यावर काकांनी पहिलं काम काय केलं असेल तर बजरीची ट्रॉली मागवली. जयपुरात बांधकामाच्या वाळूला बजरी म्हणतात. ट्रॅक्टर आला, गल्लीने आरडाओरडा केला, आणि काकांनी फाटकापासून भिंतीच्या कडेने तीस पावलांचा लांब पट्टा फावड्याने पसरला. "पुढच्या कार्तिकात," ते म्हणाले. "वर्ष आसा हातात." काकू खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी त्या वाळूकडे पाहिलं, मग काकांकडे.

"आता कित्याक?" एवढंच म्हणाल्या.

त्या पट्ट्यावर त्यांनी पाऊल ठेवलं नाही. वॉकर भिंतीला लागून राहिला. काका रोज सकाळी त्याचे नट ठोकायचे. होळीच्या आधी काकूंना दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत त्या गेल्या. नेताना चौघांनी उचललं, आणि ते त्या बजरीच्या कडेनेच गेले, कारण गल्लीत दुसरी वाटच नव्हती.

तेरावा झाल्यावर संजयने वाळू उचलायला माणसं बोलावली. काकांनी त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला खिडकीतून दिसलं की ते कॅनव्हासचे बूट काढून बजरीवर उभे आहेत, काकूंचा वॉकर धरून. आणि ते चालायला लागले. उजवा पाय ओढत. काकूंचाच पाय होता तो, थेट तसाच, टाच आत वळलेली, बोटं घासत येणारी. दोन वर्षं त्यांनी त्या पायाच्या मागून चालून तो पाठ केला होता. मला बघवेना. मी खाली धावले.

"काका, काय चाललंय हे?"

"बघतंय," ते म्हणाले. "वाळूची सवय केली असती तर झाला असता काय."

मी चिडले. मी रडलेसुद्धा. तुमचा पाय धड आहे, म्हटलं, याने काही सिद्ध होत नाही, कशाला छळताय स्वतःला. ते शांतपणे म्हणाले की म्हणूनच ते तिच्यापेक्षा सावकाश चालताहेत. वाळूवर दहा फेऱ्या, मग हातपंपापर्यंत, परत येऊन पुन्हा दहा फेऱ्या. पहिल्या दिवशी साडेतीन तास लागले. सुकतीच्या वेळेला, रोज. आठवड्याने तीन दहा. मग दोन पंचावन्न. पाय शिकत होता. तो खोटा पाय होता, पण शिकत होता, आणि प्रत्येक दिवशी कमी होणारी ती मिनिटं मला ऐकवत नव्हती. दूधवाला आता समुद्राची वेळ विचारत नव्हता.

एका रविवारी त्यांनी घड्याळ पुन्हा माझ्या हातात दिलं. मी फाटकाशी बसले. ते निघाले, गेले, हातपंपाला हात लावून आले, शेवटच्या दहा फेऱ्या झाल्या. मी बटण दाबलं. दोन तास पस्तीस मिनिटं, दांडा बुडायच्या पाच मिनिटं आधी.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन तास पन्नास," मी म्हणाले. "नसतं झालं काका. काहीही केलं असतं तरी नसतं झालं."

ते पायरीवर बसले. तळव्यांना चिकटलेली वाळू पंचाने हळूहळू पुसली. बराच वेळ लावला त्याला.

"माझ्या मापान दोन पस्तीस," ते म्हणाले. "खोटा बोला नको गो. रूळ तडकलेलो आसा तर तसोच सांगूचो लागता."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, वॉकर उचलला आणि आत गेले.

वैशाखात माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सामान रिक्षात भरून मी निरोप घ्यायला खाली आले तर त्यांचं दार उघडं आणि घरात कुणी नाही. स्टेशन गाठायचं होतं, रिक्षावाला हॉर्न देत होता. गल्लीच्या तोंडाशी वळताना ते दिसले. भर बाराचं ऊन, डोक्यावर ओला पंचा, आणि त्या बजरीवर ते पाय ओढत चालले होते. मी रिक्षातून हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवशी अष्टमी होती. भांगेचं पाणी. अष्टमीला ती वाट उघडतच नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.